दोन बारांच्या मधला वेळ

कृष्णनाथ बारकाराचं खरं आडनाव नाईक. पण ते फक्त रेशनकार्डावर आणि विजेच्या बिलावर. पेडण्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्याच्या गावात (गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं तर चार माणसं भांडायला माझ्या दारात येतील) त्याला सगळे बारकार म्हणूनच ओळखतात. बाहेरच्याला वाटतं, ह्या माणसाचा हमरस्त्यावर एखादा बार असणार. गोव्यात तसं वाटणं साहजिक आहे. पण ह्या घराची दारू प्यायची नव्हे, काळी, भुकटीची, ठासणीच्या बंदुकीत भरायची.

जत्रेच्या दिवशी ऊन कलंडलं की देवाची पालखी भोयांच्या खांद्यावर चढते. चढली की देवळाच्या आवारात बंदुकीचे तीन बार निघतात. तिसरा बार होईपर्यंत पालखी पुढं हलायची नाही आणि खालीही टेकायची नाही, असा रिवाज. पहिला बार कोणासाठी आणि दुसरा कोणासाठी ह्यावर गावात दोन मतं आहेत आणि दर वर्षी ती हमरीतुमरीवर येतात. पण बार काढायचा तो बारकारांच्या घरानं, ह्यावर कधी दुमत नव्हतं. एखाद्या वर्षी त्या घरातून माणूस आला नाही, तर मान गेला, आणि गेला तो कायमचा वरच्या वाड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या वस्तीकडं. बंदूक देवाची, दारू भरून ठेवायचं शिंग देवाचं, दोन्ही देवळातच कुलपात. घराचा होता तो फक्त हात. आज्याचा हात, मग बापाचा, मग कृष्णनाथाचा.

कृष्णनाथ सरकारच्या पाणी खात्यात पंप चालवायचा आणि त्यातच निवृत्त झाला. अंगानं काटकुळा, बोलायला कमी आणि घाईचा कट्टर वैरी. त्याच्या तोंडी कायम एकच शब्द, ‘रवा’. रवा म्हणजे थांबा. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यानं भटजींना ‘रवा’ म्हटलं होतं, कारण पायाखालचा पाट डुगडुगत होता. पाटाखाली चिपाटी सरकवली आणि मगच मंगलाष्टकं पुढं गेली. शेवंतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे तिच्या माहेरच्यांनी जन्मभर ऐकवलं.

पण काळ्या दारूपाशी हाच स्वभाव लाखमोलाचा. जत्रेच्या आदल्या दिवशी तो लागेल तेवढी दारू देवळातून घरी आणायचा आणि भर उजेडात, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून तिच्या पुड्या बांधायचा. एका बाराला एक पुडी. त्या सकाळी शेवंतीची चूल पेटायची नाही, आदल्या रात्रीचा भात खायचा. अंगावर सुती पंचा, नायलॉनचा धागासुद्धा नको. माप लाकडाचं, भांडं तांब्याचं, लोखंड जवळपास नाही. शेजारचा कोणी विडी ओढत गप्पांना आला, तर हा गडग्यापाशीच, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधापाशीच, त्याला अशा काही शिव्या द्यायचा की तो विडी विझवूनही आत यायचा नाही. पुडी बांधायची ती एवढ्यासाठी, की भरलेलं शिंग बंदुकीच्या तोंडाजवळ कधी जाऊच नये. बार झाला की नळीच्या तळाला राखेत ठिणगी लपून राहते. वरून दारू पडली की ती भडकते. पुडीभर भडकली तर हात भाजेल. शिंगभर भडकली तर माणूस उरत नाही.

म्हणून दोन बारांच्या मधलं काम तो पूजेसारखं करायचा. गजाला ओला बोळा लावून नळीच्या तळापर्यंत फिरवायचा. मग सुका बोळा. मग पुडी. मग गजानं ठासणं, तेही दोन बोटांनी, तळवा नळीच्या तोंडावर न आणता. मग घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी, आणि नळी आभाळाकडं. हे सगळं होईतो पालखी भोयांच्या खांद्यावर, ढोल-ताशे घुमतायत, लोक ओरडतायत, ‘आटप रे बारकारा, खांदे मोडले!’ कृष्णनाथ मानही वर करायचा नाही. फार झालं तर डावा हात उचलून म्हणायचा, “रवा.” आणि अख्खा गाव, देवासकट, थांबायचा. त्या क्षणी त्याला पाहिलं, तर हा माणूस महिनाअखेरीला पगाराची वाट बघणारा पंपवाला आहे हे कोणाला खरं वाटलं नसतं.

मुलगा नव्हता. एकच मुलगी, गौरवी. ती दिली नार्व्याला. जावई सर्वेश. आधी खाणीवर टिप्पर चालवायचा, खाणी बंद पडल्यावर त्यानं डिचोलीत मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज टाकलं. लाजाळू, हसरा पोरगा. सासुरवाडीला आला की जेवणाच्या पानावर आणखी माशाची कोडी, म्हणजे आमटी, वाढली तर नको म्हणता येत नसे म्हणून पोट बिघडेपर्यंत खायचा. कृष्णनाथाला तो आवडायचा, आणि नुसता आवडायचा नाही, तर जीव की प्राण होता. सासरा-जावई दोघं मिळून जुना पाण्याचा पंप उघडून बसले की दुपार कुठं गेली कळायचं नाही. दोघंही बोलत नसत. फक्त एकानं हात पुढं केला की दुसरा नेमका पाना त्याच्या हातात ठेवायचा.

गेल्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी पुड्या बांधून झाल्या आणि शेवंतीचा फोन वाजला. कृष्णनाथ हात धुवत होता. तिनं फोन कानाला लावला, ऐकलं, एक शब्द न बोलता बंद केला.

“कोणाचो?” त्यानं विचारलं.

“राँग नंबर.”

आता इथं शेवंतीच्या धीराचं कौतुक करावं लागेल. फोन होता लिस्बनहून. कृष्णनाथाचा चुलतचुलत भाऊ नारायण तिकडं वारला होता. पोर्तुगालला जाऊन त्याला इतकी वर्षं झाली होती की कृष्णनाथाला त्याचा चेहरा आठवत नव्हता, आठवायचा तो चड्डी घसरलेला एक मुलगा. पण कूळ एक, तेव्हा सुतक दहा दिवसांचं. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही, देवाच्या वस्तूला हात लावायचा नाही. मात्र परदेशातल्या मरणाचं सुतक बातमी कानावर पडल्यापासून लागतं. म्हणून आपल्याकडं लग्नाच्या घरात अशी बातमी दोन दिवस दाबून ठेवतात, हे कोणाला माहीत नाही? शेवंतीनं तेच ठरवलं. उद्याची जत्रा होईपर्यंत मरणाची बातमी एकटीनं पोटात ठेवायची. पाप लागलं तर तिला लागेल.

पण तिचा चेहरा काही राँग नंबरचा नव्हता. कृष्णनाथानं हात पुसत पुन्हा विचारलं, “शेवंते, कोणाचो फोन?”

दुसऱ्यांदा विचारल्यावर तिला खोटं बोलवेना. “नारायण गेलो,” ती म्हणाली आणि मग चिडून रडायलाच लागली. “कित्या विचारलात परत? आता तरी ऐकला नाय असा समजा. फक्त उद्याचो दिस!”

“देवाच्या दारात खोटा बोलान बार काढू?” कृष्णनाथ म्हणाला. सदरा घातला आणि तडक शंभूकडं गेला.

शंभू देवस्थानचा अध्यक्ष आणि कृष्णनाथाचा लहानपणापासूनचा मित्र. कृष्णनाथ त्याच्या अंगणाबाहेर उभा राहिला आणि तिथूनच सांगितलं. शंभू डोकं धरून बसला. घरात दुसरा माणूस नाही. बार चुकला तर मान वरच्या वाड्यावर. मग शंभूच म्हणाला, “जावय येतलो ना तुझो? तेचा कूळ वेगळा. तेका सुतक नाय. घरचो माणूस तो घरचोच.”

कृष्णनाथ घरी आला तेव्हा सर्वेश आणि गौरवी जत्रेसाठी नुकतेच नार्व्याहून पोचले होते. सगळं ऐकून सर्वेश म्हणाला, “मामा, मी काढतंय बार. माका शिकवा.”

“यंदा नको. मान गेलो तर गेलो.” कृष्णनाथ म्हणाला खरा, पण आवाजात जोर नव्हता. आज्यापासूनचा मान असा चालत जाऊ द्यायचा, हे तोंडानं म्हणता येतं, आतडं म्हणत नाही. सर्वेश सासऱ्याच्या न बोललेल्या गोष्टी ऐकण्यात तरबेज होता. तो तसाच बाहेर पडला. देवाचं काम करायचं तर सुतकाच्या घरचं पाणीसुद्धा चालणार नव्हतं, म्हणून शंभूकडं जेवला, तिथंच झोपला आणि सकाळी आंघोळ करून गडग्यापाशी येऊन उभा राहिला.

गडग्याच्या ह्या बाजूला कृष्णनाथ, हातात बांबूची काठी. त्या बाजूला सर्वेश, त्याच्याही हातात काठी. एकमेकांना शिवायचं नाही. कृष्णनाथ ओला बोळा फिरवल्यासारखा हात खाली-वर करायचा, तसाच सर्वेश. सुका बोळा. पुडी. गज. टोपी. आभाळाकडं. पुन्हा पहिल्यापासून. “वाकू नको नळयेवर. टोपी वाजली पण बार नाय झालो, तर नळी आभाळाकडं धरून तसोच उभो रव, आत डोकावन बघू नको.” सर्वेशचे हात यंत्रावर वाढलेले, त्यांनी सगळं भराभरा उचललं. दुपारपर्यंत दोघांचे हात असे एकत्र हलायला लागले की गौरवी पायरीवर बसून हसत होती आणि मोबाइलवर त्यांचं शूटिंग करत होती. कृष्णनाथानं बांधलेल्या पुड्या गडग्याच्या दगडावर ठेवल्या आणि सर्वेशनं त्या उचलल्या.

त्यानं सगळं शिकवलं. एक सोडून.

ऊन कलंडायला लागलं तसा कृष्णनाथाचा फोन वाजला. “मामा, पुड्यो नको म्हणतत. सुतकाच्या घरच्यो म्हणान.” देवळात कोणा म्हाताऱ्यानं शंका काढली होती, बातमी आली तेव्हा पुड्या त्या घरात होत्या ना, मग त्या शुद्ध कशा? भर जत्रेत वाद नको म्हणून शंभूनं मान डोलावली. शिंगात दारू होती. ती देवाचीच, तिला सुतक नाही.

“मग सोडून दे, घरी ये,” एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द कृष्णनाथाच्या ओठांपर्यंत आले होते, हे त्यानं नंतर शेवंतीला सांगितलं. पण डोकं कारागिराचं. अडचण आली की तोडगा आधी सुचतो. तो म्हणाला, “सुकी करवंटी घे. एका बारापुरती दारू करवंटीत ओत. शिंगाक बूच मार आणि शिंग लांब ठेव. मगे करवंटीतली नळयेत. शिंग नळयेच्या तोंडाकडं न्हेव नको. ऐकलस?”

“ऐकलंय, मामा.”

तोडगा बिनचूक होता. आजही कोणी जाणकार त्यात खोट काढणार नाही.

कृष्णनाथ खळ्यात येऊन उभा राहिला. देऊळ तिथून दिसत नाही, माडांच्या आड आहे, पण ढोल स्पष्ट ऐकू येतात. ढोलांचा ठेका बदलला, म्हणजे पालखी चढली. आणि पहिला बार झाला. भरदार, खोल, डोंगरावर आपटून परत येणारा. बारकाराच्या घरचा बार. शेवंतीनं दारातूनच हात जोडले. कृष्णनाथाचे डोळे भरून आले, आणि हात आपोआप उठले. हातात काही नव्हतं, तरी त्यानं गजाला ओला बोळा लावला, नळीच्या तळापर्यंत नेला, फिरवला, वर काढला. तिकडं सर्वेश आता हेच करत असणार. सुका बोळा लावायला त्यानं हात वळवला, आणि दुसरा आवाज आला.

फार लवकर आला. आणि तो बाराचा आवाज नव्हता. चपटा, फुटका, जमिनीलगतचा. नळीतून निघालेला नव्हे. मागोमाग ढोल बंद पडले, तेही एकदम नव्हे, एक-एक करून.

कृष्णनाथाचे हात सुक्या बोळ्यापाशीच थांबले होते. मग तो धावत सुटला. पायात वहाणा नाहीत, पंचा सुटलेला. देवळाच्या पायरीपाशी आला आणि, काय सांगायचं, पाय सवयीनं थांबले. सुतक. आयुष्यभराची सवय. समोर धूर, माणसांची गर्दी, गौरवीची किंकाळी, आणि हा पायरीखाली उभा. श्वासभरच थांबला असेल, पण त्या श्वासासाठी त्यानं स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मग तो आत घुसला. कोणी अडवलं नाही. इतक्या पिढ्यांत पहिल्यांदाच पालखी तिसऱ्या बाराआधी जमिनीवर टेकली होती आणि भोई तोंड फिरवून उभे होते.

काय घडलं ते गौरवीनं पाहिलं होतं. लग्नानंतर तिचं कूळ सासरचं, म्हणून आंघोळ करून आरतीचं ताट घेऊन ती पुढंच उभी होती. पहिल्या बाराला सर्वेशनं सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. करवंटी, बूच, शिंग लांब. बार झाला तशी लोकांनी आरोळी ठोकली. मग तो ओला बोळा शोधायला वाकला आणि लोकांची थट्टा सुरू झाली. आपल्याकडं जावई म्हणजे गावाचं हक्काचं गिऱ्हाईक. “जावयबापू, आटपा!” “गॅरेजातली गाडी न्हय ती, दिवसभर उघडून बसूक!” स्वतः शंभू हसत ओरडला, “जावयबापू, भोयांचे खांदे मोडले!” कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सर्वेशही हसला. कानापर्यंत लाल झाला. बोळा तसाच राहिला, करवंटी तशीच राहिली, आणि सासुरवाडीच्या अख्ख्या गावाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून त्या पोरानं शिंग उचललं आणि सरळ नळीत उलटं केलं.

इस्पितळात तो तिसऱ्या दिवसापर्यंत होता. डोळ्यांवर पट्ट्या, हातांवर पट्ट्या. कृष्णनाथाला आत जाऊ दिलं तेव्हा तो शुद्धीवर होता. “मामा?” त्यानं पावलांवरून ओळखलं.

“बोलू नको.”

“पयल्याक सगळा केलंय, मामा. दुसऱ्याक... माका रवा म्हणूक जमला नाय. लाज दिसली.”

एवढंच. संध्याकाळी तो गेला.

कृष्णनाथानं त्याला नळीवर वाकू नको हे शिकवलं होतं, शिंग लांब ठेव हे शिकवलं होतं. पण डावा हात वर करून गावाला, देवाला थांबवायचं कसं, हे शिकवायचं असतं हेच त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याला ते श्वास घेण्याइतकं सोपं होतं. त्याचा तो गाव होता, त्याचा मान होता. परक्या आवारात, पाहुणा म्हणून, हसणाऱ्या लोकांपुढं उभ्या असलेल्या लाजाळू पोराला तो एक शब्द किती जड जाईल, हे त्या शहाण्या माणसाला कळलं नाही. मला विचाराल तर गावातल्या एकालाही कळलं नाही, पण झोप उडाली ती एकट्या कृष्णनाथाची.

नार्व्याला नदीकाठी सगळं उरकल्यावर त्यानं भटजींना विचारलं, आम्हाला सुतक किती दिवसांचं? भटजी चांगला माणूस, त्यानं नजर खाली घातली. म्हणाला, जावई परगावी गेला, तेव्हा तुम्हाला आंघोळीपुरतंच. आंघोळ केली की सुटलात. कृष्णनाथ नदीत उतरला. पाण्यात बराच वेळ उभा राहिला, इतका की काठावरच्या लोकांना भीती वाटायला लागली. ज्या नारायणाचा चेहरा आठवत नव्हता त्याच्या सुतकाचे दिवस अजून संपायचे होते. आणि ज्यानं न मागता हातात पाना ठेवला त्याचं सुतक एका बुडीत संपलं होतं.

त्यानंतर तो देवळात गेला नाही. दहा दिवस संपले तरी गेला नाही, चतुर्थीला गेला नाही, दसऱ्याला गेला नाही. पोलिसांची चौकशी झाली, बंदूक जप्त झाली आणि काही महिन्यांनी सुटून परत आली. त्यानं विचारलंसुद्धा नाही. आतल्या खोलीत तो जुना पंप अर्धवट उघडलेला पडला होता. शेवंतीनं भंगारवाल्याला द्यायला काढला तर त्यानं नुसती मान हलवली. गौरवी नार्व्याला सासू-सासऱ्यांपाशी राहिली. फोन करायची, शेवंतीशी बोलायची. “बाबा जेवले?” एवढं विचारायची. बापाला दोष देणारा एक शब्दही तिनं काढला नाही, आणि तेच कृष्णनाथाला सोसत नसे. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो एकदा शेवंतीला म्हणाला.

यंदा जत्रेच्या चार दिवस आधी शंभू आला. वर्षात म्हातारा झाला होता. गडग्यापाशीच उभा राहिला. त्याला आत ये म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

“कृष्णा, मान तुझो. ये.”

“माका सुतक आसा.”

“कोणाचा?” शंभू दचकला.

“जावयाचा.”

“अरे, तेचा तुका आंघोळीपुरताच...” शंभू बोलता बोलता अडखळला. “वर्स होईत इला, कृष्णा.”

“नारायणाचा धा दिवस पाळलंय ना रे मी? तेचा तोंड तरी आठवता काय माका? मग ह्याचा किती पाळू, ता तू सांग.”

शंभू गडग्याच्या दगडावर बसला, त्याच दगडावर जिथं पुड्या ठेवल्या होत्या, आणि लहान मुलासारखा रडला. “माझोच आवाज होतो रे, कृष्णा. माझोच.” कृष्णनाथ त्याच्यावर ओरडला नाही आणि त्याला जवळही घेतलं नाही. फक्त म्हणाला, “मान घेवन जा. ज्याका व्हयो तेका दी.” आज्यापासून राखलेली वस्तू अशी दारातून गेली, आणि तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळी गौरवी आली. कोणी बोलावलं नव्हतं. म्हापशाला बस बदलून आली, पिशवी ठेवली, आईला भाकऱ्या करायला मदत केली. संध्याकाळी बाप खळ्यात जाऊन उभा राहिला तशी तीही बाहेर आली आणि पायरीवर बसली, गेल्या वर्षी बसून हसली होती तिथंच.

ढोलांचा ठेका बदलला. पालखी चढली. पहिला बार झाला. वरच्या वाड्यावरचा एक निवृत्त फौजी काढणार होता असं शेवंतीला कळलं होतं. बार चांगला होता. डोंगरावरून परत आला. शेवंतीनं आत देवापुढं दिवा लावला होता, ती बाहेर आली नाही.

कृष्णनाथानं हात पाठीमागं बांधून ठेवले होते. पण ते राहिले नाहीत. ओला बोळा तळापर्यंत गेला, फिरला, वर आला. सुका बोळा. गेल्या वर्षी हात इथंच थांबले होते, आज थांबले नाहीत. पुडी. गज, दोन बोटांनी. टोपी. नळी आभाळाकडं. सगळं झालं. हात वर तसेच राहिले आणि बार आला नाही.

ढोलही वाजत नव्हते. ताशा नाही, आरोळी नाही, थट्टा नाही. जत्रेला जमलेली एवढी माणसं, आणि माडांच्या पलीकडून चकार आवाज येत नव्हता. पालखी भोयांच्या खांद्यावर होती आणि अख्खा गाव एका माणसाचं काम होईपर्यंत तोंड मिटून उभा होता. कृष्णनाथाला आधी कळेना. त्यानं गौरवीकडं पाहिलं.

ती केव्हाच उठून त्याच्याजवळ आली होती. तिनं त्याचे वर राहिलेले हात धरले आणि खाली आणले. वर्षभरात ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

“आता रवतत, बाबा.”